यादी कुठून वाचायची

३ मार्च, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. पुढचे नव्वद दिवस मी कशी वागले, हे मला नंतर सोयीप्रमाणे आठवू नये, एवढंच कारण. माझी आठवण नेहमी माझ्याच बाजूने साक्ष देते, हे चव्वेचाळिसाव्या वर्षी मला पुरतं कळून चुकलं आहे.

सकाळी दहाला विभागीय साहेबांनी गोदामाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. सतरा वर्षं मी याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसून चलनं केली : कुठल्या दुकानाला साबणाची किती खोकी, बिस्किटांची किती, दुधाच्या पावडरीची किती. आता खालचं सगळंच माझ्याकडे. गोदाम, माल चढवायचा फलाट, नऊ गाड्या, बावीस हमाल, त्यांचे मुकादम.

साहेब म्हणाले, “नव्वद दिवस बघू. शंभर खोकी बाहेर पडली की अकरा परत येतात. फुटतात, चुकतात, नाहीतर दुकान बंद झाल्यावर पोचतात. ती पाचाच्या खाली आणा, मॅनेजर म्हणून तुम्ही कायम. नाही जमलं तर मन लहान करू नका, तुमची जुनी खुर्ची वर आहेच.”

बोलले ते चांगल्या मनाने. पण दिवसभर मला ती खुर्चीच दिसत राहिली. खिडकीपाशी आहे. तिच्या डाव्या हाताचं रेक्झिन फाटलं होतं, त्यावर मीच चिकटपट्टी लावली होती.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत गणित शिकवतो. म्हणाला, “अकराचे पाच म्हणजे निम्म्याहून कमी.”

“ते मलाही कळतं.”

“मग झालं तर. अर्धं काम झालं.”

५ मार्च, बुधवार

आज पहिल्यांदा फलाट नीट पाहिला. जमिनीवर सगळीकडे खडूच्या खुणा. गोल, फुल्या, दोन-दोन रेघा, बाण, मध्येच टिंबं. एखाद्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत मोकळी सोडावीत तसं. मुकादम रोज सकाळी गाडीगाडीसमोर वाकून हे काढतात आणि हमाल त्यावर खोकी आणून ठेवतात. मुकादमांच्या कानामागे कायम खडूचा तुकडा असतो. एकतीस वर्षं झाली त्यांना इथे. मे अखेर निवृत्त होणार.

मी विचारलं, “हे कुठे लिहून ठेवलंय का?”

त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं. “हे काय, लिहिलंय की.”

“उद्या तुम्ही आला नाहीत तर?”

“अजून तरी आलोय.” मग म्हणाले, “मॅडम, एकदा आत या गाडीत. आतून बघा.”

गाडीच्या आत पिठाची आणि साबणाच्या चुऱ्याची चिकट धूळ होती. माझ्या पायात नवे बूट होते, या पदासाठी म्हणून घेतलेले. शिवाय फोन वाजत होता. “नंतर येईन,” म्हटलं.

म्हातारा मनुष्य वाईट नाही. पण सगळा कारभार एका माणसाच्या कानामागे असणं काही बरोबर नाही.

८ मार्च, शनिवार

लेक दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाला परगावी निघाली. मी काल बसून तिची बॅग भरली. आधी काय, मग काय, असा नीट विचार करून. आज सकाळी पाहते तर सासूबाईंनी सगळं सामान पलंगावर ओतलेलं.

“आई, मी भरली होती ना?”

“भरली होतीस गं. पण पोरगी पोचणार संध्याकाळी. तिला पहिली लागणार चादर आणि टॉवेल. ते तू आधी भरलंस म्हणून तळाला गेलं. पोचल्यावर पहिलं काय हाताशी लागणार ते ठरवावं, मग हात घालावा.”

लेक म्हणाली, “आई, तू मॅनेजर आहेस ना? आजी रीजनल मॅनेजर आहे.”

मी हसले, पण थोडं लागलं. या घरात माझ्या हातचं काम कुणाला एकदा तरी जसंच्या तसं चालेल का, असं वाटलं. मग वाटलं, एवढ्यातेवढ्यावरून लागण्याइतकी मी लहान आहे का?

१३ मार्च, गुरुवार

आठवडाभर राबून याद्या तयार केल्या. प्रत्येक गाडीची छापील यादी : पहिलं दुकान, दुसरं, तिसरं, शेवटपर्यंत. प्रत्येकापुढे खोकी. आता कुणीही हमाल, मुकादम असोत वा नसोत, यादी हातात घेऊन गाडी भरू शकेल. सोमवारी साहेब पाहायला येणार म्हणून फलाट धुऊन घेतला आणि पिवळे पट्टे मारून घेतले. खडूचा मागमूस राहिला नाही. काय सुंदर दिसतो!

मुकादमांना यादी दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली. मग विचारलं, “यादी कुठून वाचायची, मॅडम?”

मला कळेना. “वरून. यादी वरूनच वाचतात, मुकादम.”

“आणि तशीच भरायची?”

“तशीच.”

“सगळ्यांनी?”

“सगळ्यांनी.”

त्यांनी कानामागचा खडू काढून खिशात टाकला आणि गेले. घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा नवरा खूप हसला. मीही हसले. एकतीस वर्षांनी एखाद्या माणसाला यादी कुठून वाचायची ते सांगावं लागतं.

१७ मार्च, सोमवार

साहेब आले. पिवळ्या पट्ट्यांवरून चालले, याद्या पाहिल्या, म्हणाले, “हे आधीच व्हायला हवं होतं.” आज रात्री शांत झोप लागेल. उद्यापासून याद्या सुरू.

१८ मार्च, मंगळवार

लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहिते.

नऊच्या नऊ गाड्या उशिरा. अकरापासून दुकानदारांचे फोन. एकाला माल मिळाला नाही, दुसऱ्याला तिसऱ्याचा मिळाला, एका ड्रायव्हरने भर रस्त्यात साठ खोकी उतरवून ठेवली आणि मागच्या वाहनांनी त्याचा उद्धार केला. संध्याकाळी परतीचा माल मोजला : शंभरात सव्वीस.

मुकादमांना बोलावलं. “हे काय झालं?”

“तुम्ही सांगितलं तसं भरलं.”

यापलीकडे अक्षर नाही. चेहरा दगडासारखा. मला स्पष्ट वाटलं की यांनी मला पाडायचं ठरवलं आहे. साहेबांचा फोन आला, लेखी अहवाल मागितला. मी तिथेच बसून लिहून पाठवला : ‘हमालांचा निष्काळजीपणा आणि मुकादमांचं असहकार्य.’ साहेब म्हणाले, मुकादमांना मेमो काढतो.

रागात लिहिलं का? हो. खोटं लिहिलं का? मला नाही वाटत.

१९ मार्च, बुधवार

आज पहाटेच फलाटावर जाऊन उभी राहिले. एकेक खोकं माझ्या डोळ्यांदेखत यादीप्रमाणे चढवून घेतलं. पहिलं दुकान, दुसरं, तिसरं. कुणी चूक केली नाही, मी करू दिली नाही. हमालही मुकाट्याने काम करत होते, जरा जास्तच मुकाट्याने.

संध्याकाळी : शंभरात सत्तावीस.

असहकार्य नव्हतं. मग काय होतं? उद्या मी स्वतः गाडीबरोबर जाणार आहे.

२० मार्च, गुरुवार

बुटक्या ड्रायव्हरच्या गाडीत बसले. सगळे त्याला बुटका म्हणतात, तोही स्वतःला म्हणतो. रस्ताभर त्याने मला आपल्या सासऱ्याच्या गुडघ्यांची कथा सांगितली. पहिल्या दुकानापाशी थांबलो. त्याने मागचं दार उघडलं आणि बाजूला झाला.

समोर खोक्यांची भिंत, जमिनीपासून छतापर्यंत. मी चिठ्ठ्या वाचल्या. सगळी शेवटच्या दुकानाची.

“पहिल्या दुकानाची कुठे आहेत?”

“पहिलं दुकान, मॅडम, माझ्या पाठीला चिकटून बसलंय. पार आत, केबिनच्या मागे.” त्याने बाह्या वर केल्या. “चला, काढूया का?”

जी खोकी आधी भरली ती तळाशी गेली, आत गेली. ती शेवटी निघणार. यादी वरून वाचून भरायची असेल तर शेवटचं दुकान यादीत वर हवं. हे कळायला मॅनेजर लागत नाही. दार असलेली कुठलीही वस्तू ज्याने कधी भरली आहे, त्याला हे ठाऊक असतं. मी सतरा वर्षं चलनं केली, दुकानं ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने. ड्रायव्हरला तोच क्रम हवा असतो. हमालाला त्याच्या बरोबर उलटा. आणि मी आजपर्यंत एकाही गाडीच्या आत पाऊल टाकलं नव्हतं.

आम्ही दोघांनी चोपन्न खोकी रस्त्यावर उतरवली, नऊ दुकानात दिली, चोपन्न पुन्हा चढवली. तिसऱ्या दुकानानंतर माझे बूट कुठल्या रंगाचे होते ते सांगता आलं नसतं.

“तुम्ही कुणी मला बोलला का नाहीत?” मी विचारलं.

तो म्हणाला, “मुकादमांनी विचारलं ना तुम्हाला.”

“मला? कधी?”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सासऱ्याच्या गुडघ्यांवर आला.

घरी येऊन ही वही मागे उलटली. तेरा मार्च. माझ्याच अक्षरात. ‘यादी कुठून वाचायची, मॅडम?’ त्याखाली मी हसल्याचंही लिहून ठेवलं आहे.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी मुकादमांकडे गेले. ते फलाटाच्या कडेला चहा पीत होते. मेमो त्यांच्या शर्टाच्या खिशात होता, घडी केलेला, त्या दिवशी खडू टाकला होता तिथेच. एकतीस वर्षांतला पहिला.

मी म्हटलं, “तुम्ही मला विचारलं होतं. मला कळलं नाही.”

“हं.”

“पण मुकादम, तुम्ही सरळ सांगायचं होतंत. चूक आहे म्हणून.”

त्यांनी बशी खाली ठेवली. “नऊ मॅनेजर बघितले मी. पहिल्या पाचांशी भांडलो. एकाने माझी बदली केली, एकाने माझ्याशी वर्षभर बोलणं टाकलं. मग ठरवलं, एकदा विचारायचं. ज्याला ऐकायचंय तो एकदाच्यात ऐकतो.”

“मी नाही ऐकलं.”

“नाही. पण गाडीत बसलात. आधीच्या आठांपैकी कुणी बसलं नाही.”

मी मेमो परत मागितला. म्हटलं, साहेबांना लिहिते. ते म्हणाले, “राहू द्या. दोन महिन्यांनी मी घरी. तुमचे नव्वद दिवस बुडतील.” आणि मेमो काही दिला नाही.

त्यांच्या बोलण्याने मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणूनच ते इथे लिहून ठेवते.

२२ मार्च, शनिवार

नवऱ्याने सल्ला दिला, “मेमो मागे घ्यायला सांग. पण सगळं कशाला उकरतेस? ‘यादीत दोष राहिला’ एवढं पुरे.”

तसं लिहून पाहिलं. ‘यादीत दोष राहिला.’ नीटनेटकं वाक्य. पावसाळ्यात भिंतीला ओल राहावी तसा दोष आपला आपण राहिलेला, कुणीच काही केलेलं नाही. फाडलं. ‘यादी तयार करताना अनवधानाने...’ तेही फाडलं. सासूबाई भाजी निवडता निवडता बघत होत्या. म्हणाल्या, “किती कागद खातेस गं? काय झालं ते सांग आणि मोकळी हो.”

शेवटी चार ओळी झाल्या. यादी मी केली. मुकादमांनी ती कुठून वाचायची असं विचारलं होतं. मी चुकीचं उत्तर दिलं. १८ तारखेचा माझा अहवाल खोटा ठरला आहे, तो परत घेते, मेमो रद्द करावा.

पाठवलं. मग वरच्या मजल्यावर जाऊन खुर्चीवरची धूळ पुसली. सवयीने, असं स्वतःला सांगितलं.

२ एप्रिल, बुधवार

अकरा दिवसांनी साहेबांचं उत्तर : ‘पत्र मिळालं. मेमो रद्द.’

बस्स. रागावलेत की नाहीत, काही कळत नाही. ‘मिळालं’ हा शब्द मी सात-आठ वेळा वाचला. त्यात काहीही नाही.

मुकादमांनी मेमोच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मला खडूच्या खुणा काढून दिल्या. कागद वाया घालवायचा नाही म्हणे.

११ एप्रिल, शुक्रवार

रोज सकाळी अर्धा तास फलाटावर मुकादमांची शिकवणी. गोल म्हणजे दुपारी एकला बंद होणारं दुकान. फुली म्हणजे पायऱ्या आहेत. दोन रेघा म्हणजे दुकानदार एकटा, वय झालेलं, तेव्हा त्याची जड खोकी सगळ्यात खाली, हलकी वर, म्हणजे कमरेत वाकावं लागत नाही. बाण म्हणजे डाव्या दाराने उतरवा, उजवीकडे गटार आहे.

“आणि टिंब?”

ते सांगेनात. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, “तिथे ड्रायव्हरला पाणी विचारतात. त्यांचा माल जरा जपून रचायचा, एवढंच.”

नव्या यादीत सगळ्या खुणांसाठी रकाना केला. टिंबासाठीही. आणि आता यादी शेवटच्या दुकानापासून सुरू होते. पिवळे पट्टे राहिलेत, त्यांच्यावर खडू आहे. विचित्र दिसतो फलाट, पण माल सापडतो.

या आठवड्यात शंभरात आठ.

२९ एप्रिल, मंगळवार

शंभरात सहा. आज कळलं की हमाल मला ‘यादीबाई’ म्हणतात. बुटक्याने चुकून माझ्यासमोर म्हटलं आणि जीभ चावली. मला वाईट वाटायला हवं होतं. मी घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, “नाव ठेवलं म्हणजे तू त्यांची झालीस. परक्याला कोण नाव ठेवतं?” त्या काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतात.

एक नोंद : मुकादम मला आता ‘मॅडम’ म्हणत नाहीत, ‘बाई’ म्हणतात. केव्हापासून ते माझ्या लक्षात आलं नाही.

२६ मे, सोमवार

नव्वद दिवसांना पाच उरले. गेल्या महिन्याची सरासरी पाच पूर्णांक सहा. साहेब ‘पाचाखाली’ म्हणाले होते. मी गणितशिक्षकाला विचारलं, पाच पूर्णांक सहा म्हणजे पाच म्हणता येईल का? तो म्हणाला, “नाही.” त्याच्याशी लग्न केलं ते याचसाठी, असं आज आठवावं लागलं.

शनिवारी मुकादमांचा निरोप. हमालांनी विचारलं, भेट काय हवी? घड्याळ, शाल, काही? मुकादम म्हणाले, “वरच्या मजल्यावरची ती खिडकीपाशची खुर्ची द्या. रिकामी पडून आहे ना.”

माझी खुर्ची. मी म्हटलं, “ती फाटकी आहे मुकादम, नवी घेऊ.”

“तीच द्या, बाई. नाहीतरी आता तिथे कोण बसणार आहे?”

चार जणांनी ती जिन्यावरून खाली आणली आणि बुटक्याच्या गाडीत चढवली, अगदी दाराशी, म्हणजे आधी उतरेल. मी नाही म्हणू शकले नाही. म्हातारपणी गुडघे दुखत असतील, टेकायला उंच खुर्ची बरी पडत असेल. पण शनिवारी निकाल माझ्या विरुद्ध गेला तर वर जाऊन मी बसणार कुठे? हे मुकादमांच्या ध्यानातच आलं नसावं.

३१ मे, शनिवार

साहेब अकराला आले. निरोपासाठी आणि माझ्यासाठी, दोन्ही कामं एका फेरीत. पिवळे पट्टे आणि त्यावरचा खडू बराच वेळ बघत राहिले. यादी घेतली.

“पाचाखाली ठरलं होतं.”

“हो.”

“साडेपाच आहे.”

“पाच पूर्णांक सहा,” मी म्हटलं. बुटक्याने कपाळावर हात मारून घेतलेला मला दिसला.

साहेब यादीवरून बोट फिरवत होते. “हे टिंब कसलं?”

“तिथे ड्रायव्हरला पाणी विचारतात.”

“आणि ते संगणकात घातलंत?”

“रकाना आहे.”

त्यांनी पान उलटून पाहिलं. मग विचारलं, “आमच्या ऑफिसला आहे का टिंब?”

मी मुकादमांकडे पाहिलं. मुकादम छताकडे पाहत होते. “नाही, साहेब,” मी म्हटलं.

साहेब हसले. पहिल्यांदाच. म्हणाले, “अठरा गोदामं आहेत माझ्याकडे. वर्षभरात कारणांची पत्रं किती येतात, मोजत नाही मी. आधी लिहिलेलं खोटं होतं म्हणून परत घेते, असं एकच आलं.” मग खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. मी कायम. पत्रावर तारीख २ एप्रिलची होती. टाइपिंगची चूक असणार, सोमवारी बदलून घ्यायला हवी.

आणखी एक : अठरांतल्या सगळ्यात मोठ्या गोदामात शंभरात चौदा परत येतात. तिथे जाऊन ही पद्धत बसवून द्यायची. साहेब म्हणाले, “याद्या घेऊन जा, त्यांना शिकवा.”

१२ जून, गुरुवार

मोठं गोदाम. चाळीस गाड्या, आणि फलाट आमच्या चौपट. मुकादमांनाही बरोबर घेतलं होतं. निवृत्त माणूस घरी बसून कंटाळतो म्हणाले, पण दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी येऊन उभे होते.

तिथल्या मुकादम एक बाई आहेत, माझ्याच वयाच्या, कमरेला पदर खोचलेला, हातात रंगीत दोऱ्यांचा गुंडा. प्रत्येक खोक्याला त्या वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधत होत्या. त्यांनी माझ्या हातातल्या याद्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. तो मिटलेला चेहरा मी ओळखते.

मी गठ्ठा पिशवीत परत ठेवला.

“हे दोरे कशाचे?” मी विचारलं.

“सांगून कळायचं नाही,” त्या म्हणाल्या. “गाडीत आत यावं लागेल.”

“चला मग.”

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. “आत धूळ आहे, बाई. बूट खराब होतील.”

“झालेत आधीच,” मी म्हटलं आणि चढायला त्यांचा हात मागितला.